परदेशात थेरपिस्ट म्हणून नोंदणी: निघण्यापूर्वी काय जमवावे आणि पुढे काय करावे

डॉक्टर किंवा परिचारिका यांच्या तुलनेत थेरपिस्टला परदेशात नोंदणी मिळवणे अधिक किचकट जाते, कारण आपल्या व्यवसायाचे नावच देशागणिक बदलते. एका देशात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करणाऱ्याला दुसरीकडे समुपदेशक म्हणून अर्ज करावा लागतो, आणि एखाद्या ठिकाणी नोंदणी नसताना क्लायंटला भेटणे हाच गुन्हा ठरतो. सुपरव्हायझर, म्हणजे इतर थेरपिस्टांच्या कामावर देखरेख आणि मार्गदर्शन करणारी ज्येष्ठ थेरपिस्ट, या नात्याने मी बरीच वर्षे परदेशी निघालेल्या सहकाऱ्यांना त्यांच्या कामाच्या तासांची पत्रे लिहून देत आले आहे. त्यांचे अर्ज अडकलेले मी पाहिले ते पदवी कमी पडली म्हणून क्वचितच. केलेल्या कामाचा पुरावा वेळेवर हाताशी नव्हता, हेच कारण बहुतेक वेळा असते. म्हणून या लेखात फॉर्म कसा भरावा यापेक्षा पुरावा कसा उभा करावा यावर अधिक भर दिला आहे.

सर्वांत आधी ठरवायचे ते हे, की नव्या देशात कोणत्या पदनामाने काम करायचे आहे. इंग्लंडसह सर्व ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट, प्रॅक्टिशनर सायकॉलॉजिस्ट अशी ठरावीक पदनामे कायद्याने संरक्षित आहेत आणि २००९ पासून त्यांची नोंदणी हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे होते. पण ‘सायकोथेरपिस्ट’ आणि ‘काउन्सेलर’ ही नावे तिथे कायद्याने राखीव नाहीत, त्यांच्यासाठी व्यावसायिक संघटनांची ऐच्छिक नोंदवही असते. जर्मनीत नेमके उलटे आहे: ‘सायकोथेरपिस्ट’ हे नाव लावायचे तर राज्याच्या अधिकृत यंत्रणेकडून मिळणारा ‘अप्रोबात्सिओन’ हा परवाना लागतो. कॅनडात हा विषय प्रांतांकडे आहे. ओंटारिओमध्ये २०१५ पासून सायकोथेरपिस्टांचे स्वतंत्र महाविद्यालय, म्हणजे नियामक मंडळ, नोंदणी करते, तर क्वेबेकमध्ये २०१२ पासून थेरपी करण्याचा अधिकार डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि खास परमिट मिळालेल्या व्यावसायिकांपुरता मर्यादित आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे लायसन्सिंग बोर्ड वेगळे, आणि समुपदेशक, विवाह व कुटुंब थेरपिस्ट, क्लिनिकल सोशल वर्कर व मानसशास्त्रज्ञ यांचे परवानेही वेगवेगळे. तेव्हा ‘अमुक देशात माझी पदवी चालेल का’ असा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. अमुक राज्यात, अमुक पदनामासाठी, अमुक मंडळाकडे अर्ज करायचा झाल्यास काय लागते, इतका नेमका प्रश्न असला तरच त्याचे उत्तर मिळते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोकांचे पैसे आणि महिने वाया जातात. पदवीची शैक्षणिक समकक्षता, व्यवसाय करण्याचा परवाना आणि स्थलांतराच्या व्हिसासाठीचे कौशल्य-मूल्यांकन हे तीन स्वतंत्र निर्णय आहेत आणि ते अनेकदा तीन वेगळ्या संस्था घेतात. ऑस्ट्रेलियात मानसशास्त्रज्ञांचे व्हिसासाठीचे मूल्यांकन ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटी करते, पण नोंदणी सायकॉलॉजी बोर्ड ऑफ ऑस्ट्रेलिया देते; पहिला होकार मिळाला म्हणजे दुसरा मिळालाच असे नाही. उत्तर अमेरिकेत वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारखी संस्था तुमची पदवी तिथल्या पदव्युत्तर पदवीच्या तोडीची आहे असे लिहून देईल, मात्र त्या अहवालाने क्लायंटला भेटण्याचा अधिकार मिळत नाही. असा अहवाल मागवताना केवळ पदव्यांची यादी असलेला स्वस्त प्रकार न घेता विषयवार गुण आणि श्रेयांक दाखवणारा अहवाल घ्यावा, कारण बहुतेक परवाना मंडळांना तोच लागतो. युरोपात युरोसाय नावाचे प्रमाणपत्र आहे. पाच वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाचा सुपरव्हिजनखालचा सराव हा त्याचा पाया असून ते सात वर्षे वैध असते. त्याने तुमच्या प्रशिक्षणाचा दर्जा समजायला मदत होते, परंतु तेही परवान्याची जागा घेत नाही.

आता कागदपत्रांकडे येऊ. पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका सगळ्यांकडे असतात. नसतो तो सविस्तर अभ्यासक्रम. मंडळाला तुमच्या गुणपत्रिकेवरचे ‘प्रगत मानसशास्त्र, भाग २’ हे नाव वाचून काहीच कळत नाही. त्या विषयात किती तास शिकवले, मूल्यमापन कसे झाले, नैतिकता, मनोविकृतीशास्त्र, संशोधनपद्धती आणि प्रत्यक्ष थेरपी-कौशल्ये यांपैकी काय शिकवले, हे त्यांना ताडून पाहायचे असते. तुम्ही शिकलात त्या वर्षीचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह मिळवावा. आज चालू असलेला अभ्यासक्रम जोडू नये, कारण दोन्हींत फरक आढळला तर अर्जावरचाच विश्वास उडतो. जुने अभ्यासक्रम मिळायला वेळ लागतो, कधी विभागच बंद झालेला असतो, कधी ती फाइल सापडत नाही. म्हणून हे काम निघण्याच्या किमान वर्षभर आधी, स्वतः विभागात जाऊन करावे, हा माझा आग्रह आहे. परदेशातून ईमेल पाठवून हीच कागदपत्रे मागवणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

यापेक्षाही मोलाचा कागद म्हणजे सुपरव्हायझरचे तासांचे पत्र. बहुतेक परवान्यांचा कणा तासांचा असतो. कॅलिफोर्नियात विवाह व कुटुंब थेरपिस्टच्या परवान्यासाठी किमान १०४ आठवड्यांत मिळून ३००० तासांचा सुपरव्हिजनखालचा अनुभव लागतो आणि त्यातले किमान १७५० तास क्लायंटसोबतच्या प्रत्यक्ष कामाचे असावे लागतात. ओंटारिओमध्ये पूर्ण नोंदणीसाठी ४५० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबतचे आणि १०० तास क्लिनिकल सुपरव्हिजनचे मागितले जातात. प्रत्यक्ष तास, कागदोपत्री कामाचे तास आणि सुपरव्हिजनचे तास प्रत्येक ठिकाणी वेगळे मोजले जातात, म्हणून ‘दोन वर्षे काम केले’ या वाक्याला तिथे किंमत नाही.

एका सहकारी बाईंनी आणलेले पत्र मला आठवते. त्यात एवढेच होते: ‘यांनी आमच्या संस्थेत दोन वर्षे समुपदेशक म्हणून अत्यंत समाधानकारक सेवा केली असून त्यांच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण मंडळाने ते परत पाठवले. आम्ही त्यांची जुनी लॉगबुके, म्हणजे सत्रांच्या नोंदवह्या, काढली, महिन्यामहिन्याची बेरीज केली आणि नवे पत्र तयार केले. त्याचा गाभा साधारण असा होता: ‘१ जून २०१७ ते ३१ मे २०१९ या काळात, आठवड्याला २४ तासांच्या नियुक्तीवर, यांनी प्रौढ क्लायंटसोबत वैयक्तिक थेरपीचे ६१० तास आणि गट-थेरपीचे ४८ तास केले. याच काळात मी त्यांना दर आठवड्याला एक तास याप्रमाणे समोरासमोर ९२ तास वैयक्तिक सुपरव्हिजन दिले; त्यात सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकणे, केस-मांडणी आणि जोखमीचे मूल्यमापन यांचा समावेश होता.’ खाली सुपरव्हायझरची पदवी, नोंदणी क्रमांक, त्या काळातील पद, सही, तारीख आणि संस्थेच्या पत्त्यावरचा ईमेल. हे पत्र स्वीकारले गेले. दोन्ही पत्रांत काम तेच होते.

त्यामुळे ज्यांचे शिक्षण अजून सुरू आहे आणि परदेशी जाण्याचा विचार मनात आहे, त्यांनी लॉगबुक आजच नीट लावावे. प्रत्येक नोंदीत तारीख, सत्राचा कालावधी, वैयक्तिक, जोडपे, कुटुंब की गट, क्लायंटचा वयोगट आणि त्या कामावर कोणाचे सुपरव्हिजन होते, एवढे हवे. क्लायंटचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील कधीही लिहू नये. सांकेतिक क्रमांक पुरतो, आणि गोपनीयतेचा भंग झालेले लॉगबुक अर्जदाराविरुद्धच जाते. दर सहा महिन्यांनी त्यावर सुपरव्हायझरची सही घ्यावी. सुपरव्हायझर निवृत्त होतात, आजारी पडतात, त्यांचा पत्ता बदलतो, आणि मग तुमच्या शेकडो तासांचा साक्षीदार उरत नाही.

कागद कसे पाठवायचे याचेही नियम काटेकोर असतात. अनेक मंडळांना गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट आणि मोहोरबंद पाकिटात किंवा अधिकृत डिजिटल मार्गाने हवी असते. ती तुमच्या हातून गेली तर बाद होते. पूर्वी जिथे नोंदणी होती तिथल्या मंडळाने ‘यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई झालेली किंवा चालू नाही’ असे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि तेही बहुधा एका मंडळाकडून दुसऱ्या मंडळाकडे परस्पर जाते. या प्रमाणपत्राची आणि पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याची मुदत थोडी असते, म्हणून ते अगदी शेवटी मागवावेत. पदवीवर अपॉस्टिल मागितले असेल तर लक्षात ठेवावे, की ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने आलेला हा शिक्का कागदावरची सही आणि मोहोर खरी असल्याचे सांगतो, पदवीचा दर्जा सांगत नाही. भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे, पण पाठवण्यापूर्वी स्वतः ओळ न ओळ वाचावे; ‘मानसोपचार’ हा शब्द सायकोथेरपी आणि सायकिॲट्री या दोन्हींसाठी वापरला जात असल्याने भाषांतरात घोटाळा होतो आणि तुम्ही औषधे देण्याचा दावा करत आहात असा भलताच अर्थ निघू शकतो.

भाषेची परीक्षा अनेकांना औपचारिकता वाटते, तशी ती नाही. ब्रिटनच्या नियामकाकडे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, अशी अट असते. गुण मिळवणे हा एक भाग झाला. पण क्लायंट रडत रडत, बोलीभाषेत, अर्धी वाक्ये टाकत बोलतो, तेव्हा त्यातला बारकावा टिपता येणे ही आपल्या कामाची गरज आहे. म्हणून परीक्षेच्या तयारीसोबत त्या देशातील रोजची बोली आणि दुःख, राग, लाज, आत्महत्येचे विचार व्यक्त करण्याच्या तिथल्या पद्धती कानावर पडू द्याव्यात.

अर्जावर पूर्ण होकार किंवा पूर्ण नकार क्वचित येतो; बहुधा उणिवांची यादी येते. युरोपीय संघाच्या २००५ च्या व्यावसायिक पात्रता निर्देशानुसार, प्रशिक्षणात लक्षणीय फरक आढळल्यास यजमान देश अर्जदाराकडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा अनुकूलन-काळ (म्हणजे तिथे देखरेखीखाली काम करण्याचा काळ) किंवा परीक्षा मागू शकतो. इतरत्र हीच गोष्ट पूरक विषय, सुपरव्हिजनखालचा सराव किंवा तिथल्या कायद्यावर आणि नैतिकतेवर आधारित परीक्षा या रूपाने येते. यादी हाती येताच प्रत्येक मुद्द्यासमोर आपल्याकडचा पुरावा मांडावा. ओंटारिओत मंडळाने आधी मान्यता न दिलेल्या अभ्यासक्रमांसाठी असा तक्ताच भरून घेतात, आणि जिथे तो मागितला जात नाही तिथेही मी तो स्वतःहून जोडायला सांगते: डावीकडे मंडळाची अपेक्षा, मध्ये आपला विषय किंवा अनुभव, उजवीकडे त्याचा पान क्रमांक. परीक्षकाला दोनशे पाने चाळायला लावण्यापेक्षा हे बरे, आणि काही उणिवा खरोखर नव्हत्या, फक्त दाखवल्या गेल्या नव्हत्या, हेही यातून उघड होते. निर्णय पटला नाही तर त्याची लेखी कारणे मागावीत आणि अपिलाची मुदत त्याच दिवशी लिहून ठेवावी. उणीव खरीच असेल तर एखादा पूरक कोर्स करण्यात कमीपणा नाही. दहा वर्षे काम केलेल्या माणसाला पुन्हा शिकाऊ म्हणून बसणे जड जाते, ही वेदना मी जवळून पाहिली आहे. त्या काळात स्वतःसाठी थेरपी किंवा सहकाऱ्यांचा गट असावा, असे मी मनापासून सुचवते.

नोंदणी येईपर्यंतच्या काळात काय करायचे याचाही विचार आधीच हवा. मानसिक आरोग्य सेवेत साहाय्यक, केस-समन्वयक, दुभाषा, संशोधन सहायक किंवा संकट-हेल्पलाइनवरील प्रशिक्षित स्वयंसेवक अशी कामे बऱ्याच ठिकाणी परवान्याशिवाय करता येतात आणि तिथल्या यंत्रणेची ओळख होते. मात्र स्वतःची ओळख करून देताना संरक्षित पदनाम वापरू नये, व्हिजिटिंग कार्डावरही नाही आणि समाजमाध्यमांवरच्या प्रोफाइलवरही नाही. अशा एका ओळीवरून पुढचा अर्ज संकटात येऊ शकतो.

जुन्या क्लायंटशी ऑनलाइन काम सुरू ठेवण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण इथे दोन देशांचे नियम एकाच वेळी लागू होतात. अनेक नियामक क्लायंट सत्राच्या वेळी जिथे बसलेला असतो तिथला परवाना आवश्यक मानतात. शिवाय तुम्ही जिथे बसला आहात त्या देशाचा व्हिसा आणि त्याचे काम करण्याचे नियमही पाळावे लागतात. व्यावसायिक विमा दोन्ही ठिकाणच्या सत्रांना लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. क्लायंटच्या शहरात आणीबाणीला कोणाला बोलवायचे याची माहिती हाताशी नसेल, तर ते काम पुढे नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तसे असल्यास निघण्याच्या तीन-चार महिने आधी क्लायंटला सांगावे, निरोपासाठी पुरेशी सत्रे ठेवावीत, दुसऱ्या थेरपिस्टकडे लेखी संमतीने सोपवावे आणि फाइली कोण, किती वर्षे आणि कुठे सांभाळणार हे ठरवून तसे क्लायंटला कळवावे.

आणि जुन्या देशातली नोंदणी निघताना रद्द करू नये. नवे मंडळ तुमच्या चालू नोंदणीची खात्री तिथूनच करून घेते, अर्ज वर्षभर रेंगाळला तर तेच प्रमाणपत्र पुन्हा मागवावे लागते, आणि नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर गेली तर नोंदणी नकळत संपते. म्हणून विमानात बसण्याआधी त्या मंडळाकडे आपला कायम राहणारा ईमेल नोंदवून त्याची पोच घ्यावी.