तापीच्या गाळातील थॅलेट तपासण्यासाठी नमुना कसा घ्यावा

पीव्हीसी मऊ करण्यासाठी वापरली जाणारी थॅलेट रसायने प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. त्यामुळे ती हळूहळू बाहेर झिरपतात आणि त्यांतील डीईएचपीसारखी जड रसायने पाण्यात फारशी विरघळत नसल्याने बारीक गाळाला चिकटतात. भुसावळ आणि प्रकाशा येथून वाहणारी तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, म्हणून किनाऱ्यावरील प्रदूषणाचा माग खानदेशातूनही काढायला हवा.

नाला जेथे नदीला मिळतो, त्याच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंना संथ पाण्यातला काळसर, बोटांना लोण्यासारखा लागणारा गाळ शोधावा. वाळू घेऊ नये. वरचा २ ते ५ सेंटिमीटरचा थर स्टीलच्या चमच्याने काचेच्या बरणीत भरावा. बरणी आधी प्रयोगशाळेच्या भट्टीत ४५० अंश सेल्सिअसला तापवून घेतलेली असावी आणि झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावावा.

खरी अडचण आपल्याच सामानाची असते, कारण प्लास्टिकची पिशवी, व्हिनाइलचे हातमोजे, एवढेच काय, अंगावरचे अत्तरसुद्धा नमुन्यात थॅलेट मिसळू शकते. यासाठी एक स्वच्छ रिकामी बरणी नमुना घेईपर्यंत तेथेच उघडी ठेवून, मग बंद करून सोबत पाठवावी. तिच्यात थॅलेट सापडले, तर गाळाच्या आकड्यांवर विसंबू नये.

नमुने अंधारात, बर्फात ठेवून लवकर पोहोचवावेत. प्रयोगशाळेकडून डीईएचपी व डीबीपी (आणखी एक थॅलेट) यांचे प्रमाण गाळाच्या कोरड्या वजनावर मागावे आणि सेंद्रिय कर्बही मोजून घ्यावा, कारण त्याशिवाय दोन ठिकाणच्या गाळाची तुलना करणे योग्य ठरत नाही.