दोन ग्रुपच्या सरासरीत खरंच फरक आहे का? टी-टेस्ट हाताने करून बघू

समजा अभ्यासाच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीने शिकलेल्या १० जणांना परीक्षेत सरासरी ७२ मार्क पडले, दुसरीने शिकलेल्या १० जणांना ६५. ७ मार्कांचा फरक डोळ्यांना दिसतोय, पण या १०-१० जणांच्या जागी दुसरे कोणी असते तर तो ३ आला असता, १२ आला असता, कदाचित उलटाही झाला असता, त्यामुळे नुसता फरक बघून भागत नाही, तो योगायोगाने किती हलू शकतो तेही बघावं लागतं. टी-टेस्ट मुळात एवढंच करते, फरकाला त्याच्या अनिश्चिततेने भागते, आणि येणाऱ्या आकड्याला टी म्हणतात.

पण आकडेमोडीच्या आधी एक प्रश्न विचारायचाच, कारण इथे गल्लत झाली की पुढचं सगळं वाया जातं. दोन्ही ग्रुपमधली माणसं वेगळी आहेत, की तीच माणसं आधी आणि नंतर मोजलीयत?

हे बघा. ५ जणांचे ट्रेनिंगच्या आधीचे मार्क ६०, ७२, ५५, ८१, ६७ आणि नंतरचे त्याच क्रमाने ६३, ७६, ५७, ८४, ७०. सरासरी ६७ वरून ७० झाली. हे दोन वेगळे ग्रुप समजून टेस्ट लावली तर टी येतो फक्त ०.४६, म्हणजे काहीच हाती लागलं नाही असं वाटेल, कारण हुशार आणि कच्च्या मुलांमधला मोठा फरक त्या ३ मार्कांना गिळून टाकतो. आता प्रत्येकाचा स्वतःचा फरक काढा: ३, ४, २, ३, ३. सगळे वाढलेत, तेही जवळपास सारखेच. या फरकांची सरासरी ३, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ०.७१, त्याला ५ च्या वर्गमुळाने भागलं की ०.३२ च्या आसपास, आणि टी येतो जवळजवळ ९.५! डेटा तोच, प्रश्न बरोबर विचारला एवढंच. याला पेअर्ड टी-टेस्ट म्हणतात.

आता मूळ उदाहरण, जिथे माणसं वेगळी आहेत. पहिल्या ग्रुपचं स्टँडर्ड डेव्हिएशन ८, दुसऱ्याचं १० धरू. प्रत्येकाचा वर्ग करून माणसांच्या संख्येने भागा: ६४ भागिले १० म्हणजे ६.४, १०० भागिले १० म्हणजे १०. बेरीज १६.४, त्याचं वर्गमूळ साधारण ४.०५, हीच फरकाची स्टँडर्ड एरर. ७ भागिले ४.०५ म्हणजे टी १.७३. डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे टी किती मोठा हवा ते ठरवणारा, माणसांच्या संख्येवर आणि पसाऱ्यावर अवलंबून असलेला आकडा, इथे साधारण १७ येतात (त्याचा फॉर्म्युला लांबलचक आहे, ते काम सॉफ्टवेअरला करू द्या) आणि १७ ला ५ टक्के पातळीवर (म्हणजे फरक नसताना आहे म्हणायची चूक १०० पैकी ५ वेळाच चालेल असं धरलं तर) टी किमान २.११ लागतो. आपला कमी पडला, पी-व्हॅल्यू ०.१० च्या आसपास (तिचा अर्थ पुढे येतोच).

मी आत्ता वापरली ती वेल्चची पद्धत. मूळ टेस्ट गिनेसच्या ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडली, त्याची अडचण हीच होती की सॅम्पल फार लहान असायचे. पण दोन ग्रुपवरच्या त्या नेहमीच्या टेस्टमध्ये दोन्हीकडचा पसारा सारखा आहे असं धरलेलं असतं, आणि ते खरं नसलं आणि ग्रुपचे आकारही वेगळे असले तर उत्तर चांगलंच चुकू शकतं. वेल्चची पद्धत ही अट घालत नाही, आणि पसारा सारखा असला तरी तिने फारसं नुकसान होत नाही, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सरळ वेल्चच वापरा, आधी पसारा सारखा आहे का याची वेगळी टेस्ट करत बसू नका. आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच डिफॉल्ट आहे. एक्सेलच्या टी-टेस्ट फंक्शनमध्ये शेवटचा आकडा ३ द्या (१ म्हणजे पेअर्ड, २ म्हणजे समान पसारा). पायथॉनच्या सायपाय लायब्ररीमध्ये मात्र समान पसारा हे डिफॉल्ट आहे, ते मुद्दाम फॉल्स करावं लागतं, आणि नेमकं तेच खूप जणांचं राहून जातं.

बाकी तपासणी थोडक्यात. डेटा अगदी घंटेच्या आकाराचाच हवा असं नाही, पण सॅम्पल लहान असेल तर बॉक्सप्लॉट (आकडे कसे पसरलेत ते दाखवणारं चित्र) काढून एखादा आकडा भलताच लांब पडलाय का ते नक्की बघा. टू-टेल (फरक कुठल्याही दिशेने) की वन-टेल (फक्त एकाच दिशेने) हे डेटा बघायच्या आधी ठरवा, शंका असेल तर टू-टेल. आणि ग्रुप तीन असतील तर जोड्या लावून टी-टेस्ट करत सुटू नका, तिथे आधी अनोव्हा, म्हणजे सगळ्या ग्रुपच्या सरासऱ्या एकदम तपासणारी टेस्ट.

आता पी ०.१० चं काय करायचं? याचा अर्थ एवढाच की खरा फरक शून्य असता तरी इतका किंवा याहून मोठा टी १०० पैकी साधारण १० वेळा दिसला असता. 'दोन्ही पद्धती सारख्याच' हे यातून सिद्ध होत नाही, आणि नल हायपोथेसिस (म्हणजे 'खरा फरक शून्य' हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता १० टक्के असंही नाही. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा, म्हणजे या डेटाशी जुळणाऱ्या खऱ्या फरकाचा पट्टा: ७ अधिक-उणे २.११ गुणिले ४.०५, म्हणजे उणे १.५ पासून १५.५ पर्यंत. यात शून्य आहे आणि १५ सुद्धा आहे! म्हणजे डेटा 'फरक नाही' म्हणत नाहीये, 'अजून माणसं आणा' म्हणतोय. हीच सरासरी आणि हाच पसारा प्रत्येकी ४० जणांत मिळाला असता तर टी ३.४६ आला असता आणि इंटरव्हल साधारण ३ ते ११.

त्यामुळे रिझल्ट लिहिताना नुसतं 'सिग्निफिकंट नाही' लिहून सोडू नका, सगळं द्या: सरासरी ७२ आणि ६५, स्टँडर्ड डेव्हिएशन ८ आणि १०, प्रत्येकी १० जण, फरक ७, ९५ टक्के इंटरव्हल उणे १.५ ते १५.५, वेल्च टी १.७३, डिग्रीज ऑफ फ्रीडम १७, पी ०.१०.