पोट न दुखताही बिघडलेली पचनसंस्था कशी ओळखावी

पोटात कळ आली किंवा जुलाब लागले की माणूस स्वतःहून औषध शोधतो. तेथे कोणी काही सांगावे लागत नाही. अडचण असते ती सावकाश येणाऱ्या आणि अंगवळणी पडत जाणाऱ्या बिघाडाची. ‘माझा कोठाच जड आहे’, ‘मला पहिल्यापासून गॅसेस होतात’, ‘तोंड येणे आमच्या घराण्यातच आहे’ अशी वाक्ये इतक्या सहजपणे बोलली जातात की त्यांमागे काही कारण असू शकते हा विचारच राहून जातो. शिवाय आतड्यांच्या कित्येक आजारांची पहिली खूण पोटात उमटतच नाही. ती जिभेवर, नखांवर, त्वचेवर किंवा रक्ताच्या अहवालात उमटते, आणि तिचा पोटाशी संबंध असेल असे रुग्णाच्या मनातही येत नाही.

मात्र अशी एखादी खूण दिसली म्हणजे आतडे बिघडलेच, असे समजणेही तितकेच चुकीचे आहे. कोणत्याही लक्षणाला तीन प्रश्न विचारावेत: हे आपल्यासाठी नवे आहे का, ते तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकून आहे का, आणि त्याच्या जोडीला आणखी काही बदलले आहे का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर ते लक्षण किरकोळ वाटले तरी त्याची दखल घ्यावी.

आधी स्वतःचे ‘नेहमीचे’ ठरवावे

रोज सकाळी एकदा पोट साफ झालेच पाहिजे, या समजुतीने अनेक निरोगी माणसे विनाकारण चिंतेत असतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा शौचास होणे हे सर्व सामान्यच मानले जाते. किती वेळा होते यापेक्षा कसे होते याला अधिक महत्त्व आहे. त्यासाठी ब्रिस्टल मापनपट्टी वापरली जाते. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात तयार झालेल्या आणि 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पट्टीत मळाचे सात प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे सुटे, कडक खडे, आणि दुसरा म्हणजे खडे एकमेकांना चिकटून झालेला ओबडधोबड गोळा. हे दोन्ही मळ आतड्यात फार वेळ रेंगाळल्याचे दाखवतात. तिसरा प्रकार लांबट पण वरून भेगा असलेला आणि चौथा मऊ व गुळगुळीत असतो, आणि हे दोन उत्तम मानले जातात. पाचव्यापासून मळ सैल होत जातो व सातवा निव्वळ पाण्यासारखा असतो.

दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. शौचाची वेळ, वरीलपैकी प्रकाराचा क्रमांक, कुंथावे लागले का, पोट पूर्ण मोकळे झाल्यासारखे वाटले का, त्या दिवशी घेतलेली औषधे आणि झोप एवढ्याच गोष्टी लिहाव्यात. खाल्लेल्या प्रत्येक घासाची नोंद करण्याच्या फंदात पडू नये. तसे केले की वही चौथ्या दिवशी बंद पडते, आणि तोपर्यंत माणूस प्रत्येक पदार्थाकडे संशयाने पाहू लागलेला असतो. पोट फुगत असेल तर ते केव्हा फुगते, हे मात्र अवश्य लिहावे. सकाळी सपाट असलेले पोट संध्याकाळपर्यंत फुगणे आणि रात्रीतून पुन्हा उतरणे हे बहुधा वायू व मलावरोध यांमुळे होते. दिवसरात्र न उतरणारी फुगी वेगळी असते आणि तिच्याविषयी पुढे सांगितले आहे.

जेवल्याबरोबर शौचाची भावना होणे हे अन्न ‘अंगी न लागण्याचे’ लक्षण समजले जाते, पण तसे नसते. जठर भरले की मोठे आतडे आकुंचन पावते आणि आदल्या दिवसांचा मळ पुढे सरकतो. ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. अन्नाला तोंडापासून गुदद्वारापर्यंत पोहोचायला साधारणपणे एक ते तीन दिवस लागतात. ज्यांना हा वेग स्वतः पाहायचा असेल त्यांनी मक्याचे दाणे खाऊन ते मळात केव्हा दिसतात हे नोंदवावे, कारण त्यांची साल पचत नाही. मोजमाप ढोबळ असते, पण ‘माझे अन्न लगेच बाहेर पडते’ हा गैरसमज दूर करायला ते पुरेसे आहे.

ज्या खुणा पाहूनही सोडून दिल्या जातात

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित खूण म्हणजे झोपेतून जागे करणारी शौचाची घाई. ताणतणावाशी निगडित असलेला आतड्याचा संवेदनशील विकार, ज्याला आयबीएस म्हणतात, तो सहसा माणसाबरोबर झोपी जातो. पहाटे दोन-तीन वाजता गाढ झोपेतून उठून शौचालयाकडे धावावे लागत असेल, आणि हे वारंवार घडत असेल, तर आतड्याला सूज असण्याची शक्यता तपासून पाहावी लागते. रुग्ण हे डॉक्टरांना आपणहून सांगत नाहीत. ‘रात्री जाग येते’ एवढेच सांगतात, आणि मग उपचार निद्रानाशाचा होतो.

दुसरी खूण मळाच्या रंगरूपाची. पाण्यावर तरंगणारा मळ हा एवढ्यापुरता चिंतेचा विषय नाही, कारण त्यात अडकलेल्या वायूमुळेही तो तरंगतो. परंतु मळ फिकट, चिकट, उग्र वासाचा असेल, कमोडला चिकटून राहत असेल, दोन-तीनदा पाणी सोडूनही जात नसेल आणि पाण्यावर तेलकट तवंग दिसत असेल, तर आहारातील स्निग्ध पदार्थ पचत किंवा शोषले जात नसावेत. याचे मूळ स्वादुपिंडात, पित्तमार्गात किंवा लहान आतड्याच्या अस्तरात असू शकते. हे बराच काळ चालले तर स्निग्धांबरोबर शोषली जाणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही कमी पडतात. किरकोळ धक्क्यानेही अंगावर काळेनिळे डाग उठणे हा त्याचा एक परिणाम असतो.

कुंथण्याविषयी संकोचामुळे कोणी बोलत नाही. दर चार वेळांपैकी एकदा किंवा त्याहून अधिक जोर करावा लागत असेल, उठल्यावरही काही उरल्यासारखे वाटत असेल किंवा बोटाने आधार द्यावा लागत असेल, तर रोज शौचास होत असूनही तो मलावरोधच असतो. अशा काही रुग्णांत दोष आतड्यात नसतो; शौचाच्या वेळी सैल पडायला हवेत ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू उलट आवळले जातात. त्यांनी कितीही रेचके घेतली तरी गुण येत नाही, पण स्नायूंना योग्य वळण लावणाऱ्या प्रशिक्षणाने येतो. वृद्धांमध्ये याच्या नेमके उलट दिसणारे एक रूप आढळते: गुदाशयात कडक मळ अडकून बसतो, त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो आणि घरचे त्याला जुलाब समजून ते थांबवण्याचे औषध देतात. त्यामुळे मूळ अडथळा आणखी घट्ट होतो.

पोटाबाहेर कुठे पाहावे

आरशासमोर उजेडात उभे राहून जीभ पाहावी. तिच्यावरील बारीक खडबडीतपणा जाऊन ती गुळगुळीत, लालसर दिसत असेल, तिखट लागताच चुरचुरत असेल आणि ओठांचे कोपरे वारंवार चिरत असतील, तर लोह किंवा बी-12 या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मग नखे पाहावीत. लोहाच्या दीर्घ कमतरतेत ती पातळ होतात आणि मधोमध खोलगट होऊन कडा वर उचलल्या जातात. याच कमतरतेत काहींना बर्फ चावण्याची अनावर इच्छा होते. दिवसभर बर्फाचे खडे कुडुम-कुडुम चावणाऱ्या माणसाला घरचे हसतात, आणि तोही ती आपली एक लकब मानतो.

लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि बी-12 त्याच्या शेवटच्या भागात. म्हणून आहार चांगला असूनही, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर प्रश्न ताटातल्या अन्नाचा नसून शोषणाचा किंवा नकळत होणाऱ्या रक्तस्रावाचा असू शकतो. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोहाच्या कमतरतेचे कारण पचनमार्गात शोधणे आवश्यकच मानले जाते. तेथे केवळ गोळ्या देऊन थांबणे योग्य नाही. बी-12 चा साठा यकृतात काही वर्षे पुरतो, त्यामुळे त्याच्या शोषणातील बिघाड फार उशिरा कळतो आणि कधी कधी हातापायांना येणाऱ्या मुंग्यांपासून त्याची सुरुवात होते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही हे जीवनसत्त्व घटते.

या सर्वांत सीलिअ‍ॅक हा आजार फसवा आहे. गहू, सातू (जव) आणि राय ही धान्ये यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे या रुग्णांच्या लहान आतड्याचे अस्तर झिजते. जुलाब व्हायलाच हवेत असे नाही. प्रौढांमध्ये तो रक्तक्षय, वारंवार तोंड येणे, हाडे ठिसूळ होणे किंवा वंध्यत्व या रूपांतही समोर येतो. कोपर, गुडघे आणि नितंबांवर दोन्ही बाजूंना सारखे उठणारे, कमालीची खाज असलेले बारीक फोड हे त्याचेच त्वचेवरील रूप आहे. त्याचप्रमाणे आतड्यांच्या दाहक विकारांत नडग्यांवर दुखऱ्या लाल गाठी, डोळा लाल होऊन दुखणे आणि सांधे सुजणे ही लक्षणे दिसतात, आणि काही रुग्णांत ती पोटाच्या तक्रारींच्याही आधी येतात.

दातांविषयी थोडक्यात: वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजून गुळगुळीत झाली असेल, सकाळी घसा बसत असेल आणि सतत खाकरावे लागत असेल, तर छातीत जळजळ नसतानाही जठरातील आम्ल वर येत असू शकते. दंतवैद्य हे अनेकदा सर्वांआधी ओळखतात.

आतड्यावर येणारा फुकाचा आळ

अलीकडे केस गळण्यापासून गोड खाण्याच्या इच्छेपर्यंत सर्व काही आतड्यांतील जीवाणूंच्या माथी मारले जाते. शरीरातील बहुतांश, म्हणजे सुमारे 90 टक्के, सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडले जाणारे रसायन) आतड्यात तयार होते हे खरे. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, हे सांगायचे मात्र राहून जाते. तोंडाची दुर्गंधी बहुतेक वेळा हिरड्या, दात आणि जिभेच्या मागच्या भागातूनच येते. घरपोच येणारी जीवाणू-तपासणीची पेटी अथवा रक्तातील आयजीजी ही प्रतिपिंडे मोजून ‘हे पदार्थ तुम्हाला चालत नाहीत’ असे सांगणाऱ्या चाचण्या यांवरून निदान करता येत नाही. आयजीजी तर बहुधा तो पदार्थ आपण खाल्ला आहे एवढेच सांगते. अशा अहवालावर विसंबून दहा-वीस पदार्थ सोडणाऱ्यांचे कुपोषण मूळ तक्रारीपेक्षा गंभीर ठरू शकते.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. थायरॉइड मंदावले की मलावरोध होतो आणि अतिसक्रिय झाले की शौचास वारंवार जावे लागते. लोहाच्या गोळ्या, ओपिऑइड (अफूवर्गीय) वेदनाशामके आणि रक्तदाबाची काही औषधे कोठा जड करतात. साखरविरहित च्युइंगमधील सॉर्बिटॉलने पोट फुगते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीचे पोट नव्यानेच सतत फुगलेले राहू लागले आणि थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटू लागले, तर पाचक चूर्णे घेत बसण्याऐवजी अंडाशयाची तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना

काही गोष्टींसाठी दोन आठवड्यांची वही पूर्ण होण्याची वाट पाहू नये. मळातून रक्त पडणे, डांबरासारखा काळा व चिकट मळ, गिळताना अन्न अडकणे, ताप, कावीळ आणि प्रयत्न न करता वजन घटणे या त्या गोष्टी. सहा ते बारा महिन्यांत वजन 5 टक्क्यांनी घटणे, म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 3 किलो कमी होणे, हे दखल घेण्याजोगे आहे. आपण वजन करत नसाल तर पट्ट्याचे छिद्र बदलले का ते आठवावे. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा होतो आणि बीटने लाल, म्हणून त्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. पण मूळव्याध जुनी आहे एवढ्या आधारावर रक्त तिच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने बदललेली शौचाची सवय आणि जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग झालेला असणे, याही गोष्टी पहिल्याच भेटीत सांगाव्यात.

सुरुवातीच्या तपासण्या फार मोठ्या नसतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), बी-12, थायरॉइड आणि सीलिअ‍ॅकसाठीची टीटीजी ही रक्ताची चाचणी यांवरून बरेच कळते. मळातील कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन आतड्याला सूज असताना वाढते, त्यामुळे आयबीएस आणि दाहक विकार यांत फरक करायला त्याची मदत होते व काहींची दुर्बिणीची तपासणी टळते. वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढू शकते, म्हणून अलीकडे घेतलेल्या गोळ्यांची नावे सांगावीत.

चाचणीपूर्वी स्वतःच्या मनाने आहार किंवा औषधे बदलू नयेत. ग्लुटेन आधीच सोडले असेल तर टीटीजीचा अहवाल खोटा निर्दोष येऊ शकतो आणि निदानासाठी ते पुन्हा अनेक आठवडे खावे लागते. याउलट हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जीवाणूसाठी श्वासाची किंवा मळाची चाचणी करायची असेल, तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात. त्या केव्हा थांबवायच्या हे चाचणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे आणि तारीख त्याच वहीत लिहून ठेवावी.