शेअरहोल्डर विरुद्ध डायरेक्टर: निकाल वाचायला सुरुवात कुठून करायची

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ऑफिसला दोन-तीन नवीन ज्युनिअर येतात, कोणी एलएलबी करून, कोणी सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरीचा कोर्स पूर्ण करून, आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात की मॅडम, शेअरहोल्डरच्या केसेस करायच्यात, कुठले निकाल वाचू? मग मी दोन-चार नावं सांगते, ती मुलं हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचतात, वहीत उतरवतात, आणि पहिली खरी फाईल हातात आली की त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही असं म्हणतात. माझंही तसंच झालं होतं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी मूळची मिरजेची, लॉ पुण्यात केलं आणि २०१७ पासून एनसीएलटीच्या, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, मुंबई बेंचसमोर काम करतेय, कफ परेडच्या एमटीएनएल बिल्डिंगमध्ये. एनसीएलटी सुरू झालं १ जून २०१६ ला, त्याआधी हे सगळं कंपनी लॉ बोर्डाकडे असायचं, त्यामुळे आम्ही शिरलो तेव्हा सिनियर लोकसुद्धा नवीन कायद्याची कलमं चाचपडतच बघत होते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. केस उघडली की डायरेक्टरने काय पाप केलंय ते नंतर बघायचं, आधी बघायचं की दाद मागणारा कोण आहे आणि तो कोणाचा हक्क घेऊन उभाय. हे मी पुस्तकातून शिकले नाही, एका चुकीतून शिकले. पश्चिम महाराष्ट्रातली एक कौटुंबिक कंपनी होती, फाउंड्रीची, एकूण २३ मेंबर म्हणजे भागधारक, आमच्या क्लायंटकडे इक्विटीचे, म्हणजे साध्या शेअरचे, १४ टक्के. कंपनी कायद्याच्या कलम २४१ खाली, म्हणजे दडपशाही आणि गैरकारभाराची तक्रार घेऊन, जायचं तर कलम २४४ ची पात्रता लागते, शेअर कॅपिटल असलेल्या कंपनीत १०० मेंबर किंवा एकूण मेंबरांपैकी एक दशांश, यातली जी संख्या कमी असेल ती, नाहीतर इश्यूड शेअर कॅपिटलचे, म्हणजे कंपनीने काढलेल्या सगळ्या शेअरच्या भांडवलाचे, १० टक्के. १४ म्हणजे दहाच्या वर, झालं, मी याचिका ड्राफ्ट केली. पण कायद्यात शब्द 'इश्यूड शेअर कॅपिटल' आहे, नुसती इक्विटी नाही, आणि त्या कंपनीने मधल्या काळात प्रेफरन्स शेअर, म्हणजे ठरलेला लाभांश आधी मिळणारे वेगळे शेअर, काढलेले होते जे मी बॅलन्सशीटच्या नोटमध्ये बघितलेच नव्हते. सगळं धरलं तर आमचा माणूस ६ टक्क्यांवर आला. समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला मेंटेनेबिलिटीची, म्हणजे ही याचिका चालूच शकत नाही अशी, हरकत घेतली.

याचिका मागे घ्यावी लागली, नव्याने दाखल करायची मुभा मिळाली तेवढं बरं. २३ चा एक दशांश म्हणजे निदान तीन मेंबर लागणार, मग मी क्लायंटबरोबर त्याच्या आत्याकडे गेले, त्यांच्या नावावर वडिलांनी ठेवलेले थोडेसे शेअर होते, त्यांनी चष्मा लावून संमतीपत्राचा शब्द न् शब्द वाचला, दोन प्रश्न विचारले आणि मगच सही केली. तिसरी सही एका चुलतभावाची. या सगळ्यात आठ महिने गेले आणि तेवढ्यात कंपनीची एक जागा विकून झालेली होती. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

गंमत नाही, पण हाच मुद्दा देशातल्या सगळ्यात गाजलेल्या केसमध्येही होता. टाटा सन्स विरुद्ध मिस्त्री सगळ्यांना माहितीय, २४ ऑक्टोबर २०१६ ला सायरस मिस्त्रींना चेअरमनपदावरून काढलं इथपासून. शापूरजी पालनजी ग्रुपकडे इक्विटी १८.३७ टक्के होती, पण प्रेफरन्स धरून एकूण इश्यूड कॅपिटलमध्ये हिस्सा जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास यायचा, म्हणून त्यांना पात्रतेच्या अटीतून सूट, म्हणजे वेव्हर, मागावी लागली. मुंबई बेंचने ती नाकारली, अपिलात एनसीएलएटीने, म्हणजे वरच्या अपील न्यायाधिकरणाने, सप्टेंबर २०१७ मध्ये दिली, आणि त्यानंतर कुठे मूळ भांडणाला सुरुवात झाली. शेवटी २६ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने टाटांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल लांबलचक आहे, नवख्याने पहिला वाचू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण २४४ वर काय काय घडलं तेवढी पानं जरूर बघा, कारण तुमच्या छोट्या क्लायंटच्या बाबतीत हेच घडणार आहे.

आता कोणाचा हक्क, हा दुसरा भाग. यासाठी १८४३ चा फॉस विरुद्ध हार्बॉटल वाचा, इंग्लंडचा आहे, मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया पार्क कंपनीचा, डायरेक्टरांनी स्वतःचीच जमीन कंपनीला चढ्या भावाने विकली अशी दोन भागधारकांची तक्रार होती. कोर्ट म्हणालं नुकसान झालं असेल तर कंपनीचं झालं, मग दावा कंपनीने करावा, तुम्ही कोण? ऐकायला अन्याय वाटतो, आणि म्हणूनच पुढे अपवाद तयार झाले, ज्यांच्या हातात कंपनी आहे त्यांनीच लूट केली असेल तर भागधारक कंपनीच्या वतीने दावा करू शकतो, त्याला आपण डेरिव्हेटिव्ह दावा म्हणतो. इथे ज्युनिअर हमखास चुकतात. अशा दाव्यात जिंकलं तर पैसा कंपनीत जातो, क्लायंटच्या खिशात नाही. हे क्लायंटला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा. मी सांगते तेव्हा निम्म्या लोकांचा चेहरा उतरतो, पण नंतर उतरण्यापेक्षा ते बरं.

फिड्युशिअरी ड्यूटी हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात आहे, ती त्याच्या भल्यासाठी वापरायची, आपल्यासाठी नाही, आपल्याकडे विश्वस्त म्हणतात तेच. २०१३ च्या कायद्याने कलम १६६ मध्ये डायरेक्टरची कर्तव्यं पहिल्यांदा लिहून काढली, सद्भावनेने वागायचं, वाजवी काळजी घ्यायची, स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यायचा, स्वतःचा हितसंबंध कंपनीच्या आड येऊ द्यायचा नाही, गैरलाभ घेतला तर तेवढी रक्कम कंपनीला परत करायची, आणि मोडलं तर १ ते ५ लाखांपर्यंत दंड. कलम पाठ होतं एका दिवसात. खरी मेहनत पुढे आहे, डायरेक्टरचा हेतू काय होता हे कागदावरून कसं ओळखायचं.

आणि त्यासाठी माझ्या मते एकच निकाल असा आहे जो हळूहळू, वही घेऊन वाचायला हवा, नीडल इंडस्ट्रीज, १९८१, सुप्रीम कोर्ट. लिहिलाय यशवंतराव चंद्रचूडांनी, आपल्या पुण्यात जन्मलेले, आयएलएस लॉ कॉलेजमध्ये शिकलेले. निलगिरीमधली सुया बनवणारी कंपनी, ३२,००० शेअरपैकी १८,९९० इंग्लंडच्या होल्डिंग कंपनीकडे, म्हणजे जवळपास ६० टक्के. १९७३ चा फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा, आला, परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणणं भाग होतं. ६ एप्रिल १९७७ ला बोर्डाने राईट्स इश्यू, म्हणजे आहेत त्या भागधारकांनाच नवीन शेअर देऊ करणं, ठरवला, दोनाला एक, १६,००० नवीन शेअर, १०० रुपये दराने. होल्डिंग कंपनीच्या वाट्याला ९,४९५ येत होते. आता तारखा बघा. ऑफर लेटरवर तारीख १४ एप्रिलची, पाकीट पोस्टात पडलं २७ एप्रिलला, इंग्लंडमध्ये पोचलं २ मे ला, आणि शेअर वाटायची मीटिंगही २ मे लाच. त्या दिवशी ते ९,४९५ शेअर भारतीय भागधारकांनी घेतले आणि परदेशी हिस्सा १८,९९० भागिले ४८,००० म्हणजे ४० च्या जरा खाली आला.

पहिल्यांदा वाचताना मला खात्री होती की पाकिटाच्या तारखेवरच केस संपली, सरळसरळ लबाडी. पण नाही. कोर्टाने पत्र पाठवण्यातल्या वागण्याला नावं ठेवली, त्यात सरळपणा नव्हता असं मानलं, तरीही शेअरवाटप रद्द केलं नाही. कारण शेअर काढण्याचा अधिकार फक्त भांडवलाची गरज असेल तेव्हाच वापरायचा असं नाही, कंपनीच्या हितासाठी वापरता येतो, आणि इथे फेरा पाळणं हा कंपनीच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होता, कंपनीचं हित साधताना डायरेक्टरचाही ओघाने फायदा झाला एवढ्यावरून तो विश्वासघात ठरत नाही. होल्डिंग कंपनीला ते शेअर घेऊन स्वतःचा हिस्सा तसाच ठेवता आलाच नसता, वेळेत पत्र मिळालं असतं तरी. पण कोर्ट तिथे थांबलं नाही, आणि हाच भाग मला फार आवडतो. शेअरची खरी किंमत १९० धरली, मिळाले १०० ला, फरक ९०, गुणिले ९,४९५, म्हणजे ८,५४,५५० रुपये, ते होल्डिंग कंपनीला द्या असा आदेश दिला. बेकायदेशीर कृत्य म्हणजे प्रत्येक वेळी दडपशाही नाही, आणि कायदेशीर दिसणारं कृत्यही दडपशाही असू शकतं, हे दोन्ही या एकाच निकालात शिकायला मिळतं.

याच्या शेजारी २००४ चा डेल अँड कॅरिंग्टन विरुद्ध प्रतापन ठेवून वाचा. तिथे मॅनेजिंग डायरेक्टरने शेअर स्वतःलाच वाटून घेतले आणि ज्याचं बहुमत होतं तो परदेशातला भागधारक अल्पमतात गेला. सुप्रीम कोर्टाने तो विश्वासाचा भंग ठरवून वाटप उडवून लावलं. दोन्हीकडे शेअर निघाले, दोन्हीकडे बहुमत पालटलं, मग निकाल उलटे का? याचं उत्तर दोन पानांत स्वतःच्या शब्दांत लिहा. ज्या ज्युनिअरने हे केलं त्याला मी दुसऱ्याच आठवड्यात ड्राफ्टिंग दिलंय.

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचे कंपन्यांवरचे निकाल वाचायचे का, हा प्रश्न नेहमी येतो. वाचा, पण आधार म्हणून नाही, नजर तयार व्हावी म्हणून. स्मिथ विरुद्ध व्हॅन गॉर्कम, १९८५, पुरे आहे सुरुवातीला. ट्रान्स युनियन कंपनी ५५ डॉलर शेअरने विकायचा निर्णय बोर्डाने सप्टेंबर १९८० मधल्या एका शनिवारी दोन तासांत घेतला, चेअरमन वीस मिनिटं तोंडी बोलले, कराराचा कागद कोणी वाचला नव्हता. भाव बाजारभावापेक्षा बराच जास्त होता, कोणी पैसे खाल्ले नव्हते, तरी डायरेक्टर अडकले, कारण माहिती न घेता निर्णय घेतला. एरवी कोर्ट धंद्याच्या निर्णयात नाक खुपसत नाही, पण निर्णय घेतला कसा हे विचारतं. आपल्या १६६ मधल्या 'वाजवी काळजी'चा अर्थ डोळ्यासमोर आणायला हे उदाहरण चांगलं पडतं.

क्लास अ‍ॅक्शनबद्दल, म्हणजे अनेक भागधारकांनी मिळून केलेल्या एका दाव्याबद्दल, थोडंच सांगते. जानेवारी २००९ ला सत्यम कंपनीचा हिशेबाचा घोटाळा फुटला, अमेरिकेत शेअर घेतलेल्यांना पुढे कंपनीकडून १२.५ कोटी डॉलरची तडजोड मिळाली, आपल्या इथल्या साध्या गुंतवणूकदाराला तसा रस्ताच नव्हता. माझ्या ओळखीत निवृत्त शिक्षक होते ज्यांचे फंडाचे पैसे त्यात होते, म्हणून हे मला नुसतं कलम वाटत नाही. आता कलम २४५ आहे, किती भागधारक लागतील याचे आकडे २०१९ मध्ये ठरले, पण वापर अजून फारच कमी आहे. तुमच्या पिढीला इथे खरं काम आहे.

रोजच्या कामाचं म्हणाल तर निकालांपेक्षा कागद जास्त वाचावे लागतात. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या, साइटवर थोडी फी भरून कंपनीचे फाईल झालेले फॉर्म बघता येतात, त्यातला पीएएस-३ म्हणजे शेअरवाटपाचा फॉर्म आधी काढा, मग वार्षिक रिटर्न, मग डायरेक्टर बदलाचे फॉर्म, आणि एका मोठ्या कागदावर तारखांचा तक्ता करा. बोर्ड मीटिंगची नोटीस किमान सात दिवस आधी लागते, तेव्हा नोटीस कधी निघाली, कधी पोचली, मिनिट्सवर सही कधी झाली, फॉर्म कधी चढला, हे एकाखाली एक लिहिलं की गोष्ट आपोआप बोलायला लागते. सीएस केलेल्या मुलांना हे पटकन जमतं, लॉवाल्यांना वेळ लागतो, पण युक्तिवादात मग लॉवाली मुलं पुढे जातात, त्यामुळे एकमेकांशेजारी बसून काम करा.

आणि क्लायंट पहिल्यांदा येणार असेल तर फोनवरच सांगा की पत्रांबरोबर पाकिटंही घेऊन या. लोक पत्र जपून ठेवतात आणि पाकीट फेकतात. मागच्या वर्षी एक काकू किराणाच्या पिशवीत पाच वर्षांची पाकिटं घेऊन आल्या होत्या, रबर लावून, वर्षवार. त्यातल्या एका नोटिशीच्या पाकिटावर स्पीड पोस्टचं बुकिंग मीटिंगच्या दुसऱ्या दिवशीचं होतं. ते पाकीट आता याचिकेला जोडलंय, आणि पुढच्या तारखेला समोरच्यांना त्यावर उत्तर द्यायचंय.