हार्ट फेल्युअरच्या पेशंटला पाण्याचा हिशोब कसा शिकवायचा: वॉर्डातल्या सिस्टरांसाठी

डिस्चार्जच्या दिवशी फाइल, बिल, औषधं या गडबडीत "पाणी कमी प्या, मीठ कमी खा" एवढं सांगून आपण मोकळ्या होतो, पेशंट मान हलवून घरी जातो आणि थोड्या दिवसांनी पाय सुजून, धाप लागून परत अ‍ॅडमिट. म्हणून शिकवणं आदल्या दिवशीच सुरू करा, आणि घरी स्वयंपाक कोण करतं, गोळ्या कोण देतं ते विचारून त्यांनाही सोबत बसवा.

सुरुवात पाण्यापासून नको, वजनापासून करा. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडणं, त्यामुळे अंगात पाणी साठतं. एक लिटर पाणी साठलं की वजन साधारण एक किलोने वाढतं, आणि बऱ्याचदा सूज दिसायच्या आधीच काटा ते सांगतो. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी, रोज तोच काटा, साधारण तसेच कपडे, आणि आकडा लगेच वहीत. हे नुसतं सांगू नका, वॉर्डातच त्यांना काट्यावर उभं करा आणि त्यांच्याच हाताने लिहून घ्या, चष्म्याशिवाय आकडा दिसतच नाही हेही तेव्हाच कळतं. सूज उतरल्यावरचं वजन वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. तीन दिवसांत 2 किलोच्या वर गेलं की फोन करायचा, बरं वाटत असलं तरी.

मग पाय. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरायचा आणि खड्डा राहतो का बघायचं, पण अंगठा त्यांचा, पायही त्यांचाच. झोपताना उशा वाढवाव्या लागतायत का, आडवं पडलं की खोकला येतो का, हेही रोज बघायला सांगा.

आता पाणी. सरसकट "एक लिटरच प्या" म्हणू नका प्लीज. 2025 मध्ये आलेल्या नेदरलँड्सच्या फ्रेश-अप ट्रायलमध्ये स्थिर पेशंटना दिवसाला दीड लिटरची मर्यादा घालून बघितली, तहानेचा त्रास वाढला आणि तब्येतीत ठळक फायदा काही दिसला नाही. पण आजार खूप पुढे गेलाय, रक्तातलं सोडियम उतरलंय, अशांना डॉक्टर मर्यादा लिहून देतात, बऱ्याचदा दीड ते दोन लिटर, तेव्हा ती पाळायची कशी हे शिकवणं आपलं काम. मला सगळ्यात सोपी वाटते ती बाटलीची युक्ती: सकाळी ठरलेलं पाणी बाटल्यांत भरून ठेवायचं, आणि चहा, दूध, सूप, ज्यूस, आइस्क्रीम काहीही घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून कमी करायचं, बाटल्या संपल्या की दिवसाचा कोटा संपला. त्यांचा नेहमीचा कप मागवून मेझरिंग जगमध्ये ओतून दाखवा, "अर्धा कप"वाल्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. तहान लागली की चूळ भरायची, बर्फाचा छोटा खडा चघळायचा (तोही हिशोबात धरायचा).

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचाभर, पॅकेटातल्या पदार्थांमधलं धरून. खारट खाल्लं की तहान लागणारच, मग पाण्याला कितीही पहारा ठेवा. "लो सोडियम" मिठात बऱ्याचदा पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोनसारखी, पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी गोळी चालू असेल तर ते धोक्याचं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांमध्ये सोडियम असतं, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, त्या मनाने घ्यायच्या नाहीत हे बजावून सांगा.

लघवीची गोळी शक्यतो सकाळी. बाहेर जायचंय म्हणून गोळी चुकवणारे खूप असतात, त्यांना सांगा वेळ थोडी पुढे-मागे चालेल, पण चुकवू नका. उलट्या-जुलाब झाले, उभं राहिलं की चक्कर येतेय, तर उलटा प्रॉब्लेम, पाणी कमी पडतंय, गोळी तशीच रेटण्याआधी फोन. बसल्या जागी धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनच्या भानगडीत न पडता थेट इमर्जन्सीत.

शेवटी "समजलं ना?" विचारलंत तर सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा विचारा, "काका, उद्या वजन एक किलोने वाढलं, परवा अजून दीडने, काय कराल?" उत्तर अडखळलं तर तेवढाच भाग परत. आणि घरी गेल्यावर फॉलोअपच्या फोनवर आधी वही समोर घ्यायला सांगून आजचं वजन विचारा, "कसं वाटतंय" नंतर.