कुलाब्यात जहाजं बघत डेट, कशी जमवायची

मरीन ड्राईव्हला सगळेच जातात, तिथे जोडप्यांची रांग लागलेली असते. त्यापेक्षा कुलाब्याचं सागर उपवन बघा. पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची, म्हणजे आताच्या मुंबई पोर्ट ऑथॉरिटीची बाग, अगदी पाण्याला लागून. चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरायचं, तिथून बस नाहीतर टॅक्सी. बागेचं टायमिंग आधी बघून घ्या, गेटवरून परत फिरलात की मूडची वाट लागते. आणि ससून डॉक जवळच आहे, मासळीचा वास येणार, तिला/त्याला आधीच सांगून ठेवा 😄

एक लक्षात घ्या, ही बाजू पूर्वेची, म्हणजे समुद्रात बुडणारा सूर्य इथे नाही, पण संध्याकाळचं ऊन पाठीमागून थेट जहाजांवर पडतं आणि तेच भारी दिसतं. मोबाईलवर मरीनट्रॅफिक अ‍ॅप टाकून न्या, समोरच्या जहाजाचं नाव, झेंडा, कुठे चाललंय सगळं कळतं, मग गप्पांना विषय शोधावा लागत नाही. पाण्यालगतचा लाल पट्टा भरपूर दिसला तर जहाज बहुतेक रिकामं, पट्टा बुडालेला असेल तर माल भरलेला. ओळखायची पैज लावा, हरेल त्याने नंतर कुलाब्यातल्याच कैलाश पर्बत हॉटेलची पाणीपुरी द्यायची.

अंधार पडायला लागला की दिवे बघा, लाल दिसला तर जहाजाची डावी बाजू आपल्याकडे, हिरवा म्हणजे उजवी. दुर्बीण, मोठा कॅमेरा मात्र घरीच ठेवा, शेजारी नेव्हीचा एरिया आहे, उगाच कशाला लफडं. पावसाळ्यात नकोच, डिसेंबर-जानेवारी बेस्ट.