गुंतवणुकीसाठी फ्लॅट घेताय? एजंटबरोबर या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केलीये, भाडं किती येईल हे विकणाऱ्या एजंटलाच विचारायचं. पुण्याच्या वाघोलीत वनबीएचके बघत होतो, तो म्हणाला "सर, डोळे झाकून अठरा हजार", मी पण लगेच मोबाईलवर हिशोब मांडला, आणि पझेशननंतर फ्लॅट दोन महिने रिकामा, तिसऱ्या महिन्यात साडेबाराला गेला, त्यात मेंटेनन्स माझ्याच डोक्यावर. आता मी आधी सोसायटीच्या वॉचमनशी गप्पा मारतो, किती फ्लॅट बंद आहेत ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मग भाड्याचं काम करणाऱ्या दुसऱ्याच एजंटला भाडेकरू म्हणून फोन लावतो.

नवीन प्रोजेक्टला "झिरो ब्रोकरेज" ऐकून खूश होऊ नका. एजंटला कमिशन बिल्डर देतो, मग जिथे जास्त मिळतं तीच साईट तो आधी दाखवणार, त्यात त्याची चूक पण नाही. सरळ विचारा, इथे तुम्हाला किती सुटतात? आणि महारेरा (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नंबर मागा, एजंटचा ए ने सुरू होतो, महारेराच्या वेबसाईटवर दोन मिनिटात चेक होतो. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला १० टक्क्यांच्या वर द्यायचे नाहीत, रेरा कायद्यातच आहे, एजंट कितीही घाई करू दे.

रिसेलला भांडणं होतात ती ब्रोकरेजवरून. घर बघायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, किती टक्के, जीएसटी वेगळा का, पैसे कधी. ६० लाखाच्या फ्लॅटला १ आणि २ टक्क्यातला फरक ६० हजार होतो राव! टोकन मालकाच्या खात्यात, एजंटच्या जीपेवर अजिबात नाही, आणि ते सुद्धा इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) वर मालकाचं नाव बघूनच.

एकच फ्लॅट विकायला पाच एजंटना दिला की पाच वेगवेगळे रेट फिरतात आणि लोकांना वाटतं मालक अडचणीत आहे. दोघांना द्या, बास.

आणि एजंटने घर दाखवल्यावर गुपचूप मालकाला गाठून ब्रोकरेज वाचवणारे पण असतात. एरियात ते कळतंच. माझ्या एजंटला मी ठरलेले पूर्ण दिले, तर आता चावी त्याच्याकडे असते, भाडेकरू शोधणं, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पोलीस व्हेरिफिकेशन सगळं तोच बघतो, आणि कुणाला घाईने विकायचं असलं की पहिला फोन मला येतो.